साथीचा माग

मराठी भाषेत ‘साथ’ हा एकच शब्द आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. सोबत किंवा संगत म्हणजे साथ, आणि एकाच वेळी अनेकांना ग्रासणारा रोग म्हणजेही साथ. भजनात टाळकरी विणेकऱ्याला देतात ती साथ आणि गावात पटकीची येते तीही साथच. या शब्दाच्या व्युत्पत्तीत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु जेथे माणसाला माणसाची सोबत मिळते तेथे रोगालाही सोबती मिळतात, हे कटू सत्य आपल्या भाषेने एका शब्दात सांगून ठेवले आहे, असे मात्र म्हणावेसे वाटते.

पुण्याइतके हे सत्य जवळून पाहिलेली शहरे थोडी असतील. दरवर्षी आषाढी वारीच्या वाटेवर आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची आणि देहूहून तुकाराम महाराजांची पालखी पुण्यात येते. एक भवानी पेठेत आणि दुसरी नाना पेठेत, अशा दोन्ही पालख्या दोन रात्री मुक्कामाला असतात. पेशव्यांनी दिलेल्या जागेवर १७९२ साली उभे राहिलेले आपले सिटी चर्चही याच नाना पेठेत, क्वार्टर गेटजवळ आहे. दोन शतकांहून अधिक काळ त्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून वारकऱ्यांचे थवे गेले आहेत. याच शहरात सार्वजनिक गणेशोत्सव वाढला, याच शहराने १८९७ चा प्लेग सोसला, आणि विषाणूंचा अभ्यास करणारी देशातील अग्रगण्य संस्थाही येथेच आहे. तेव्हा मोठ्या जनसमुदायात रोग कसा पसरतो याचा माग माणसाने कसकसा काढला आणि तो काढताना दोष कोणाच्या माथी मारला, हा इतिहास पुण्यातून पाहणे उचित ठरेल.

घंटेचा नाद

आपल्या किनारपट्टीवर पटकीला ‘मोडशी’ असे जुने नाव होते. गोव्यात आलेल्या पोर्तुगिजांनी याच शब्दाला आपल्या जिभेचे वळण दिले. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ऑर्ता या वैद्याने या रोगाचे वर्णन केले आहे. त्याहून हृदयद्रावक नोंद आहे ती गास्पार कोरैया या बखरकाराची. १५४३ साली गोव्यात या रोगाने माणसे इतकी मरू लागली की मृतांसाठी वाजणाऱ्या चर्चच्या घंटा दिवसभर थांबेनात. अखेर लोक भयभीत होऊ नयेत म्हणून गव्हर्नराने त्या घंटा वाजविण्यास मनाई केली.

साथीच्या इतिहासातील एक मूलभूत प्रश्न या छोट्याशा प्रसंगात सामावलेला आहे. घंटा ही केवळ प्रार्थनेची हाक नव्हती, ती गणतीही होती. आज किती गेले, कोणत्या वाड्यातले गेले, काल किती होते, हे सारे गावाला घंटेवरून कळत असे. घंटा बंद झाल्याने मृत्यू बंद झाले नाहीत. फक्त त्यांचा हिशेब लोकांच्या कानांवर येईनासा झाला. पुढील चारशे-पाचशे वर्षांत कितीतरी राज्यकर्त्यांनी संकटकाळी पहिले पाऊल हेच टाकलेले दिसते.

रोगाचा माग काढण्याचे काम धर्मगुरूंना परके नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. जुन्या करारातील लेवीय या ग्रंथात कुष्ठाची तपासणी करण्याचे, संशयित माणसाला सात दिवस वेगळे ठेवून पुन्हा पाहण्याचे काम याजकाकडे सोपविलेले आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदवह्या ठेवण्याचा दंडक घातला आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने त्यांत मृतांच्या नोंदीची भर घातली. लंडन शहरात चर्चचे कारकून दर आठवड्याला मृतांच्या याद्या करीत. त्याच याद्यांच्या आधारे जॉन ग्राँट याने १६६२ साली आपला ग्रंथ लिहिला आणि लोकसंख्याशास्त्राचा पाया घातला.

याच परंपरेतील एक उदाहरण विशेष बोलके आहे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे नकाशावर मांडून ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपाकडे बोट दाखविले, ही कथा सर्वज्ञात आहे. हेन्री व्हाइटहेड या तेथील अँग्लिकन धर्मगुरूचे नाव मात्र फारसे घेतले जात नाही. स्नो यांचे म्हणणे चुकीचे आहे असे सिद्ध करण्याच्या हेतूने ते घरोघर फिरले आणि पुरावा पाहून स्वतःच स्नो यांच्या मताचे झाले. पंपालगतच्या घरातील एक तान्हे मूल प्रथम आजारी पडले होते व त्याचे कपडे धुतलेले पाणी पंपाच्या विहिरीत झिरपत होते, हा दुवा त्यांनीच शोधून काढला. हे त्यांना साधले, कारण त्या गल्लीतील लोक त्यांना ओळखत होते. आपल्या आजाऱ्यांविषयी, आपल्या मृतांविषयी लोक त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत. रोगाचा माग नकाशावर दिसतो खरा, पण तो नकाशावर येण्याआधी कोणीतरी विश्वासाने दार उघडावे लागते.

मक्का आणि हरिद्वार

१८१७ साली बंगालमध्ये जेसोर येथे उसळलेली पटकी १८१८ च्या पावसाळ्यात दख्खन ओलांडून मुंबईपर्यंत आली. ती हवेतून येते की माणसांबरोबर येते यावर वैद्यकात अनेक दशके कडाक्याचा वाद चालला. यात्रांनी त्या वादाला नवे वळण दिले. १८६५ साली मक्केच्या हज यात्रेत पटकी शिरली. सुमारे ९० हजार यात्रेकरूंपैकी १५ हजार दगावले असे तेव्हाचे अंदाज सांगतात. तेथून परतणाऱ्यांबरोबर ती इजिप्तमार्गे युरोपात पोहोचली. युरोपीय सत्ता हादरल्या आणि १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. पटकीचे माहेर हिंदुस्थान आहे आणि तिच्या प्रसाराचे सर्वांत प्रबळ साधन म्हणजे तीर्थयात्रा, असा निष्कर्ष तिने काढला.

पुढच्याच वर्षी त्या निष्कर्षाची भयानक परीक्षा झाली. एप्रिल १८६७ मध्ये हरिद्वारला कुंभमेळा भरला. सुमारे तीस लाख माणसे जमली असावीत असा सरकारी अंदाज होता. १२ एप्रिलच्या मुख्य स्नानाच्या सुमारास पटकीने तोंड वर काढले आणि मेळा पांगला. डॉ. जॉन मरे या वैद्यकीय अधिकाऱ्याने यानंतर जे केले ते शास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. यात्रेकरू ज्या ज्या वाटांनी घरी परतले त्या वाटांवरील जिल्ह्यांतून त्यांनी माहिती मागविली. यात्रेकरू कोणत्या दिवशी आले, पहिला रुग्ण कोणत्या दिवशी आढळला आणि तो यात्रेकरू होता की गावकरी, या उत्तरांची सांगड घालता एक गोष्ट उघड झाली. पटकी माणसाच्या चालीने चालली होती. परतणाऱ्यांच्या पावलांबरोबर ती एकेक जिल्हा ओलांडीत वायव्येला पार पेशावरपर्यंत गेली. मेळ्यातून उठलेल्या रोगाचा एवढ्या मोठ्या प्रदेशात पद्धतशीर माग काढण्याचा आपल्या देशातील हा एक आरंभीचा प्रयत्न होय.

रोगजंतूची ओळख त्यानंतर सतरा वर्षांनी, १८८४ साली कलकत्त्यात रॉबर्ट कॉख यांनी जगाला पटवून दिली. म्हणजे जंतू माहीत नसतानाही नुसत्या तारखांवरून त्याची वाट शोधता आली होती. रोगाचा माग काढण्याचे शास्त्र मूळचे असे आहे. त्याला दुर्बिणीआधी दिनदर्शिका लागते.

पंढरीची वाट

आता आपल्या वारीकडे वळू. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली असे परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानोबांच्या पालखीला आजचे शिस्तबद्ध स्वरूप दिले. पुण्यातून निघाल्यावर एक पालखी दिवेघाट चढून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटणमार्गे जाते, तर दुसरी लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर, अकलूज या वाटेने. वाखरीला सारे संत एकत्र येतात आणि एकादशीला चंद्रभागेचे वाळवंट माणसांनी फुलून जाते.

पटकीच्या दृष्टीने पाहता या यात्रेत तीन धोके एकवटलेले होते. ऐन पावसाळ्याचे दिवस, वाटेवरच्या विहिरी आणि ओढ्यांचे पाणी, आणि अखेरीस एकाच नदीत स्नान, त्याच नदीचे तीर्थ. पटकीचा जंतू पोटात गेल्यावर काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत केव्हाही लक्षणे दिसू लागतात. पायी परतणारा वारकरी आजारी पडे तो बहुधा वाटेतच. त्याचा मृत्यू वाटेवरच्या गावाला दिसे आणि ती विहीर टाळावी एवढे तरी लोकांना कळे.

१९०६ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंत पोहोचली आणि हे गणित बदलले. तिसऱ्या वर्गाच्या कोंदट डब्यांत दाटीवाटीने बसलेला यात्रेकरू आता एका दिवसात खानदेशात किंवा वऱ्हाडात घरी पोहोचू लागला. रोगही त्याच्याबरोबर, अजून लक्षणे दिसायची असताना, निमूटपणे उतरू लागला. यात्रेच्या पाठोपाठ दूरदूरच्या खेड्यांत पटकी उगवू लागली की अधिकारी पंढरपूरकडे बोट दाखवीत.

१९०८ ते १९१६ या काळात पंढरपूरच्या यात्रेवर मुंबई सरकारची करडी नजर होती. इतिहाससंशोधक मंजिरी कामत यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात पालखीलाच साथीची वाहक ठरविणाऱ्या या सरकारी दृष्टीचा अभ्यास केला आहे. त्या सुमारास निरनिराळ्या प्रांतांत यात्रांच्या चौकशीसाठी समित्या नेमल्या गेल्या आणि मुंबई इलाख्यातील समितीचा अहवाल १९१६ साली आला. पाणी, शौचकूप, धर्मशाळांतील गर्दी, रेल्वेची व्यवस्था अशा अनेक बाबी त्या वेळी चर्चेत आल्या. पंढरपुरात यात्रेकरूंवर कर होताच. हा पैसा यात्रेकरूंच्या सोयीसाठी पुरेसा लागतो का, शुद्ध पाण्याचा भार नगरपालिकेने उचलायचा की सरकारने, हे प्रश्न ओघाने आलेच.

सरकारी वैद्यांचे निदान सर्वस्वी चूक नव्हते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. यात्रेबरोबर पटकी पसरत होती. परंतु ‘पालखीने साथ आणली’ असे म्हणणे आणि ‘पालखीतील माणसांना शुद्ध पाणी मिळाले नाही म्हणून साथ आली’ असे म्हणणे यांत महदंतर आहे. पहिल्या वाक्यात वारकरी आरोपी ठरतो आणि दुसऱ्यात तो पीडित असतो. माग तोच, तारखाही त्याच. फक्त कर्ता बदलतो आणि त्याबरोबर उपायही बदलतो. पहिल्या वाक्यातून बंदी निघते, दुसऱ्यातून नळ निघतो.

१८९७ चे पुणे

आरोपीच्या नजरेने माणसाकडे पाहिले म्हणजे काय होते, हे पुण्याने त्याआधीच अनुभवले होते. १८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत प्लेग आला आणि पुढील वर्षाच्या आरंभी त्याने पुण्यात पाय रोवले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. प्रवाशांची तपासणी, रुग्णांना वेगळे काढणे, घरांची झडती असे विस्तृत अधिकार त्याने सरकारला दिले. त्याच वर्षी परदेशी सत्तांच्या दडपणामुळे हिंदुस्थानातून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंनाही रोखण्यात आले.

पुण्याच्या प्लेग समितीचे प्रमुख म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड यांची नेमणूक झाली आणि मार्च ते मे या काळात गोऱ्या शिपायांच्या तुकड्यांनी घरोघर झडत्या घेतल्या. देवघर असो वा माजघर, शिपाई आत शिरत. स्त्रियांची तपासणी उघड्यावर होत असल्याच्या तक्रारी झाल्या. पंडिता रमाबाई तर स्वतः ख्रिस्ती. परंतु त्यांनीही आपल्या आश्रमातील एका मुलीच्या बाबतीत घडलेल्या प्रकारावरून मुंबईच्या एका ख्रिस्ती पत्रातून प्लेगच्या व्यवस्थेवर जाहीर टीका केली. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून गणेशखिंडीतून परतताना रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे.

त्या इतिहासातील शौर्य आणि शोक यांच्याआड एक साधी गोष्ट झाकली जाते. झडत्यांचा उद्देश रुग्ण शोधणे हा होता, आणि त्यांचा परिणाम रुग्ण लपविण्यात झाला. आजारी माणसाला माळ्यावर, मागच्या खोलीत किंवा रातोरात दुसऱ्या गावी नेऊ लागले. ताप आला तरी लोक सांगेनात. गाठीचा उच्चार करीनात. ज्या साधनाने रोगाचा माग लागायचा त्याच साधनाने तो पुसून टाकला. जे परागंदा झाले त्यांच्याबरोबर रोगही नव्या वस्त्यांत गेला. उंदीर आणि त्यांच्यावरील पिसवा यांच्यामार्फत प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखविले. म्हणजे १८९७ साली माणसांच्या घरांत जो शोध चालला होता, तो मुख्य गुन्हेगाराला वगळूनच चालला होता.

त्याच महिन्यांत, त्याच शहरालगत, दुसरे एक काम चालू होते. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाई पाठीवरून दवाखान्यात घेऊन आल्या. त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. शिपाई दारात आला तेव्हा रुग्ण लपविले गेले. सावित्रीबाई आल्या तेव्हा आईबापांनी मूल त्यांच्या पाठीवर दिले. रोगाचा माग कोणाला लागतो, याचे उत्तर पुण्याने १८९७ साली दोन्ही बाजूंनी देऊन ठेवले आहे.

मिलानची मिरवणूक

हा सगळा दोष परकीय सत्तेचा, असे म्हणून आपण धार्मिक लोक सुटू शकत नाही. आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातही एक पान आहे. १६३० साली इटलीतील मिलान नगरीत प्लेग पसरत होता. संत चार्ल्स बोरोमिओ यांच्या अवशेषांची मिरवणूक काढावी असा आग्रह नगरीच्या कारभाऱ्यांनी धरला. कार्डिनल फेदेरिको बोरोमिओ प्रथम तयार नव्हते. पुढे त्यांनी संमती दिली आणि ११ जून रोजी सारी नगरी रस्त्यावर लोटली. त्यानंतर मृत्यूंची संख्या झपाट्याने वाढली. मांझोनी या इटालियन कादंबरीकाराने ही करुण हकिगत आपल्या कादंबरीत कायमची नोंदवून ठेवली आहे.

पण लोकांनी मिरवणुकीला दोष दिला नाही. मिरवणुकीच्या गर्दीत विषारी मलम फासणाऱ्यांनी डाव साधला, अशी आवई उठली. जानजाकोमो मोरा नावाच्या एका न्हाव्याला छळ करून कबुलीजबाब देण्यास भाग पाडले आणि देहान्ताची शिक्षा दिली. त्याचे घर पाडून त्या जागी बदनामीचा स्तंभ उभारण्यात आला. आज तो स्तंभ नगरीच्याच बदनामीचा साक्षीदार मानला जातो.

या एका प्रसंगात दोन धडे आहेत आणि ते दोन्ही एकत्र घेतले पाहिजेत. भक्तीने जमलेली गर्दीही रोगाच्या नियमांतून सुटत नाही, हा पहिला. हे मान्य करण्याचे धैर्य नसले की समाज एखाद्या दुबळ्याला बळी देतो, हा दुसरा.

आपल्या डोळ्यांदेखत

यापुढचा इतिहास आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. २००९ साली स्वाइन फ्लूची साथ आली. जुलै महिन्यात पाचगणीच्या एका निवासी शाळेत मुले आजारी पडली आणि ३ ऑगस्ट रोजी या रोगाने देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला. दगावली ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. शहरावर भीतीचे सावट पसरले. शाळा-महाविद्यालये आठवडाभर बंद झाली, नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या, ज्याला मास्क मिळाला नाही त्याने तोंडाला रुमाल बांधला. १९५२ साली स्थापन झालेली येथील विषाणू संस्था रात्रंदिवस नमुने तपासू लागली. आणि २३ ऑगस्टला गणेशचतुर्थी होती.

उत्सव रद्द झाला नाही. तो साधेपणाने करावा, आजाऱ्यांनी गर्दीत येऊ नये, असे आवाहन झाले आणि अनेक मंडळांनी मांडवातून आरोग्याचे संदेश दिले. त्या उत्सवामुळे रोग किती वाढला, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. त्याचे नेमके उत्तर देणे किती अवघड आहे हे समजून घेण्यासारखे आहे. पुण्यात फ्लूचा जोर एरव्हीही पावसाळ्यात असतो आणि आपले मोठे उत्सवही पावसाळ्यातच येतात. शाळा बंद होऊन उघडल्या तो काळही तोच. रुग्ण वाढले तर ते ऋतूमुळे, उत्सवामुळे की तपासण्या वाढल्यामुळे, हे नुसत्या बेरजेवरून ठरत नाही. त्यासाठी रुग्ण कोठे गेला होता, कोणाबरोबर होता आणि लक्षणे कोणत्या दिवशी आली, हे एकेका माणसाला विचारावे लागते. म्हणजे मरे यांनी १८६७ साली विचारलेले प्रश्नच पुन्हा विचारावे लागतात.

मग २०२० साल आले. ९ मार्च रोजी राज्यातील कोविडचे पहिले रुग्ण पुण्यातच आढळले. त्या वर्षी वारीची वाट सुनी राहिली. ३० जून रोजी संतांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एस.टी.च्या गाड्यांतून पंढरपूरला गेल्या. गणेशोत्सवात मिरवणुका निघाल्या नाहीत. आपली मंदिरे रिकामी राहिली. १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण धर्मग्रामांनी घरच्या पडद्यावर मिस्सा पाहून साजरा केला. प्रार्थनास्थळांची दारे १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. वारकऱ्यांनी जे सोडले ते किती मोठे होते, हे त्या वर्षी त्यांच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या लोकांना विशेष कळले.

पण मिलानचा दुसरा धडा आपण पुन्हा विसरलो. दिल्लीच्या निजामुद्दीन येथील तबलिगी जमातीच्या मेळाव्यातून रोग अनेक राज्यांत गेला, ही वस्तुस्थिती होती. त्या मेळाव्यातील लोकांना शोधणे आवश्यकच होते. परंतु शोधाचे रूपांतर पाहता पाहता एका समाजावरील आरोपात झाले. भाजीवाल्याला नाव विचारले जाऊ लागले. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातीच्या परदेशी सदस्यांवरील गुन्हे रद्द केले आणि संकटकाळी बळीचा बकरा शोधण्याच्या वृत्तीवर ताशेरे ओढले. त्याच वर्षी फेब्रुवारीत फ्रान्समधील म्युलूझ येथे एका ख्रिस्ती पंथाच्या सुमारे दोन हजार लोकांच्या प्रार्थनामेळाव्यातून रोग देशभर पसरला होता. तेथेही त्या भाविकांना लोकांचा रोष सोसावा लागला. विषाणूला ना कलमा कळतो, ना स्तोत्र, ना अभंग.

२०२१ च्या हरिद्वार कुंभमेळ्याने तिसराच धडा दिला. तपासणीचे आकडे फुगविण्यासाठी सुमारे लाखभर खोटे अहवाल दाखविल्याचे प्रकरण पुढे उघडकीस आले. १५४३ साली गोव्यात घंटा बंद केली होती. येथे घंटा वाजत राहिली, पण ती खोटी. दोन्हींचा परिणाम सारखाच. लोकांना संकटाचा खरा सुमार कळला नाही.

टाळ वाजत राहावेत

आज माग काढण्याची साधने खूप सुधारली आहेत. २०१३ च्या अलाहाबाद कुंभमेळ्यात तंबूंतील रुग्णालयांच्या नोंदी हातातल्या संगणकीय पाट्यांवर टिपून रोजच्या रोज अभ्यासण्याचा प्रयोग झाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी शहराच्या सांडपाण्यातून कोविडच्या विषाणूचा माग काढला. या पद्धतीत कोणाचे दार ठोठवावे लागत नाही, कोणाचे नावही विचारावे लागत नाही. वारीच्या वाटेवर विहिरींचे पाणी क्लोरीनने शुद्ध केले जाते, फिरती शौचालये आली आहेत, आणि २०२३ साली राज्याच्या आरोग्य विभागाने ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ असा उपक्रम राबविला. त्याचे नावच आनंद देणारे आहे. शंभर वर्षांपूर्वी पालखीला साथीची वाहक म्हणणारे सरकारी आरोग्यखाते आता वारकऱ्याच्या सोबतीने चालू लागले आहे.

तरीही गाफील राहता येणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गियाँ-बारे या मज्जासंस्थेच्या विकाराचे रुग्ण अचानक वाढले. त्यांचे पत्ते पाहता बरेचसे सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी या परिसरातले निघाले आणि संशय पुन्हा पाण्यावर गेला. मेळा नसतानाही, शहराच्या वेशीवर, स्नोंचा नकाशा आणि व्हाइटहेड यांची पायपीट यांची गरज संपलेली नाही.

ज्ञानोबांच्या पालखीबरोबर चालणाऱ्या दिंड्यांना क्रमांक असतात. सत्तावीस रथापुढे चालतात, बाकीच्या मागे. प्रत्येक दिंडीचा प्रमुख आपल्या माणसांना नावानिशी ओळखतो. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि सारे टाळ थांबतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर ती दिंडी टाळ थांबवीत नाही. चोपदाराला तिच्याकडे जावे लागते, तिचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. मगच आरती होते.

लाखोंच्या समुदायात दुःख कळविण्याची याहून चांगली रीत कोणत्या आरोग्यखात्याने शोधली असेल असे मला वाटत नाही. जो त्रासात आहे त्याला आवाज करण्याचा हक्क आहे आणि ज्याच्या हातात दंड आहे त्याच्यावर ऐकण्याचे बंधन आहे. रोगाचा माग काढणाऱ्यांनी ही रीत शिकावी. आपल्या धर्मग्रामांनीही ती आपलीशी करावी. आपल्याही यात्रा आहेत, नोव्हेना आहेत, सणांच्या गर्दीतल्या मिस्सा आहेत. ताप आलेल्या माणसाने ‘मी आज येत नाही’ असे संकोच न बाळगता सांगावे आणि त्याच्या घरी कोणी तरी विचारपूस करायला जावे, इतके जरी आपण केले तरी ‘साथ’ या शब्दाचा पहिला अर्थ दुसऱ्यावर मात करील.